सातवा फर्मा

पुरस्काराचं पत्र आलं तेव्हा मी चाळिशीला टेकलेली, दोन पोरींची आई होते, आणि अक्कल मात्र त्या पोरींपेक्षा कमी होती. पत्र नागपूरच्या एका साहित्य संस्थेचं होतं. माझ्या पहिल्याच कादंबरीला त्यांनी त्या वर्षीचं पारितोषिक दिलं होतं. मी ते पत्र उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावून वाचलं. संध्याकाळी दूधवाल्याच्या कार्डावर सही करायची होती, तिथे मी लेखिकेची सही केली, शेवटच्या अक्षराला हे एवढं लांब शेपूट काढून. दूधवाला म्हणाला, "बहनजी, ये किसका नाम है?"

कादंबरी मी स्वतःच छापली होती. पुण्याच्या दोन आणि मुंबईच्या एका प्रकाशकाने हस्तलिखित परत पाठवलं, तेही इतक्या तातडीने की टपालखात्याचं कौतुक वाटावं. मग मी इथल्याच, जबलपूरच्या गोहलपुरातली एक प्रेस गाठली. लग्नपत्रिका आणि बिडीची लेबलं छापणारी. मालक स्वतःच अक्षराचा एकेक खिळा उचलून ओळी जुळवायचा. अर्धी कादंबरी जुळवून झाल्यावर एके दिवशी तो मला म्हणाला, "बहनजी, ये सास आपने बड़ी तेज़ लिखी है."

"तुम्हें मराठी समझती है?" मी विचारलं.

"जोड़ते-जोड़ते समझ में आ ही जाती है. अक्षर तो अपने ही हैं."

शहाण्या बाईला तिथेच घाम फुटला असता. मला फक्त एवढंच ऐकू आलं की सासू चांगली उतरली आहे.

आम्हा जबलपूरच्या मराठी लोकांची एक जुनी खोड आहे. छप्पन साली राज्यं वेगळी झाली तेव्हा मी शाळेत होते. तोवर आमची राजधानी असलेलं नागपूर पलीकडे गेलं आणि आम्ही इकडे राहिलो. बाबांच्या कचेरीतले मराठी लोक एकेक करून बदली मागून निघून गेले. बाहेरची मराठी अशी आटत गेली आणि उरली ती चुलीपाशी. मग आम्ही तिचा एक नवाच उपयोग शोधून काढला. भाजीवाल्यासमोर, पाहुण्यासमोर, डॉक्टरसमोर जे बोलायचं नाही ते मराठीत बोलायचं. "याला आणखी चहा नको देऊ, मग उठत नाही," असं आई पाहुण्याच्या तोंडावर हसत हसत म्हणायची. आमच्या लेखी मराठी म्हणजे पडदा. त्या पडद्याआड बसून मी कादंबरी लिहिली.

आणि कादंबरीत मी घातली ती आमची शेजारीण.

आमचं सरकारी क्वार्टर आणि तिचं, दोन्हींची ओसरी एकच होती, मध्ये फक्त तारेची जाळी. ती माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. मी तिला दीदी म्हणायचे, ती मला "ए मराठिन" म्हणायची. तिचं माहेर शहपुऱ्याचं. जाळीच्या एका कोपऱ्यात तिने तारा वाकवून वाटीएवढं भोक केलं होतं, त्यातून कोथिंबीर, थर्मामीटर, सुईदोरा, सगळं ये-जा करायचं. माझी दुसरी मुलगी झाली तेव्हा सव्वा महिना तिनेच माझं घर चालवलं. माहेरचं कोणी जवळ नव्हतं, सासरचं असून नसल्यासारखं. मनातलं बोलायला त्या सगळ्या कॉलनीत मला ती एकच होती, आणि बहुतेक तिलाही मीच.

एका उन्हाळ्यात आम्ही दोघी उडदाच्या बड्या, म्हणजे सांडगे, घालत होतो, तेव्हा तिने मला सांगितलं. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी, नवरा कामावर आणि मुलं शाळेत गेल्यावर, ती तीन साड्या पिशवीत भरून मदनमहल स्टेशनवर गेली होती. घर सोडून. इटारसीकडच्या गाड्या समोरून गेल्या आणि ती बाकावर बसूनच राहिली. मुलं घरी यायच्या आधी परत आली, साड्या कपाटात ठेवल्या, कणीक मळली. घरात कोणाला पत्ता लागला नाही. "किसी को बोलना मत," ती म्हणाली. मी तिच्या डाळीने माखलेल्या हातावर हात ठेवून शपथ घेतली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वही काढून सगळं जसंच्या तसं लिहून ठेवलं.

माझा युक्तिवाद तयार होता. बोलू नको म्हणाली होती ना? मग मी बोलले कुठे? लिहिलं. तेही मराठीत.

कादंबरीतली बाई मी मराठी केली, तिला नागपुरी काठाची साडी नेसवली. ती स्टेशनवरून परत का येते हे मात्र अडलं, कारण दीदीने ते सांगितलंच नव्हतं. मग मी माझ्या पदरचं घातलं. फलाटावर एक चुकलेलं मूल रडत असतं, त्याला पाहून हिला आपली लेकरं आठवतात आणि ही धावत सुटते. दीड पानाचा हुंदका. आज ते वाचायची वेळ आली तर मी चष्मा सापडत नसल्याचं सांगते. तेव्हा मात्र लिहिता लिहिता मी स्वतःच रडले होते, आणि मध्येच उठून आरशात पाहून आले होते की रडताना आपण कशा दिसतो.

पुरस्काराच्या पत्रात नेमकी त्याच प्रकरणाची स्तुती होती.

बातमी कळल्यावर आमच्या घरात हे नुसतं "वा" म्हणाले आणि पुन्हा रेडिओ लावला. आनंद केला तो दीदीने. सराफ्यातून खोव्याची जलेबी आणवली आणि क्वार्टरांच्या सगळ्या रांगेत घरोघर जाऊन वाटली. "हमारी मराठिन को इनाम मिला है. किताब लिखी है इसने, किताब!" मी तिच्यामागून नव्या नवरीसारखी मान खाली घालून चालत होते. परत आल्यावर तिने हात पुसले आणि पुढे केला.

"ला, एक किताब दे."

"मराठीत आहे ना दीदी."

"तो क्या हुआ? अक्षर तो वही हैं. धीरे-धीरे पढ़ लूँगी. दो-चार शब्द तुझसे पूछ लूँगी."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. जन्म ह्या शहरात गेला, पोरींना मराठी-हिंदीची एकच बाराखडी शिकवली, दुकानांच्या पाट्यांवर तीच अक्षरं वाचत आले, आणि हे मात्र कधी सुचलं नाही की आमचा पडदा जाळीदार आहे.

पुस्तक द्यावंच लागलं. इनाम मिळालेलं पुस्तक जलेबी वाटणाऱ्या बाईला कसं नाकारणार?

ती रोज दुपारी पाच-सहा पानं वाचायची. भांडी आटोपली की जाळीपाशी पाट टाकून बसायची आणि एकेका शब्दाचा अर्थ विचारायची. इथल्या मराठी मंडळाने माझा सत्कार ठरवला होता, त्याला तीन आठवडे होते. माझं गणित साधं होतं: ह्या वेगाने ती सत्काराच्या आधी त्या प्रकरणाला पोचणार. मला बसवेना. डबे खाली काढले, पुसले, पुन्हा वर ठेवले. फोडणी तीनदा जळली. ओसरीतून आत, आतून ओसरीत.

"काहून फिरून राहिली अशी?" हे म्हणाले. "बक्षीस मिळालं म्हणजे बसायचं नाही, असा नियम आहे काय?"

मग मी एक युक्ती काढली. लिहायलाही लाज वाटते, पण लिहिते. मी तिला माझ्याच पुस्तकातल्या शब्दांचे चुकीचे अर्थ सांगू लागले. वाटलं, गोष्टच कळली नाही तर कंटाळून सोडून देईल. 'घुसमट' म्हणजे स्वयंपाकघरातला धूर. 'माहेर' तिला माहीत होतं, तिथे काही चाललं नाही. पुढची पानं चाळताना तिने 'फलाट' विचारलं, तर मी पटकन म्हटलं, "लकडी का तख्त."

तिने बोट ठेवून ओळ पुन्हा वाचली. "तख्त पर गाड़ी आई?"

"हओ."

"मराठी में तख्त पर गाड़ी आती है?"

"कादंबरीत येते दीदी. साहित्य आहे ना."

"इनाम ऐसे ही नहीं मिला तुझे," ती म्हणाली. आजवर माझ्या लेखनावर इतकी नेमकी टीका कोणी केलेली नाही.

ती सोडून देईना. मग मी त्याहून मोठी हुशारी केली. दोन अक्षरं चुकीची छापली गेली आहेत, दुरुस्त करून देते, असं सांगून पुस्तक परत घेतलं आणि ह्यांच्या दाढीच्या ब्लेडने ते प्रकरण कापून काढलं. छापखान्यात सोळा पानांची एक घडी असते, तिला फर्मा म्हणतात. ते प्रकरण सबंध सातव्या फर्म्यात बसलं होतं, त्यामुळे शिवणीतून आख्खी घडी सुटून हातात आली. पुरस्कारविजेती लेखिका पोलक्याच्या बाहीने घाम पुसत स्वतःचंच गाजलेलं प्रकरण तांदळाच्या डब्यात लपवते आहे, हे चित्र त्या नागपूरच्या परीक्षकांनी पाहायला हवं होतं.

तीन दिवसांनी ती जाळीपाशी आली. "अरी, छियानवे के बाद सीधे एक सौ तेरह?"

"बांधणीत चूक झाली असेल. गोहलपुरची प्रेस ती."

"तो चलो, बदलवा लाते हैं. मैं बात करती हूँ उससे, मुफ़्त का काम है क्या?" आणि ती खरंच चप्पल घालू लागली. त्या बिचाऱ्या प्रेसवाल्याने एक धागा वाकडा घातला नव्हता. मी डोकं दुखतंय म्हणून खाटेवर आडवी झाले, आणि ती माझ्या कपाळावर बाम चोळत बसली. बाम डोळ्यांत गेला. जायलाच हवा होता.

त्याच आठवड्यात मराठी मंडळाचे कार्यवाह घरी आले. निवृत्त मास्तर. त्यांचं घराणं मराठ्यांच्या काळात इकडे आलेलं, त्यामुळे मराठी अशी बोलायचे की आम्हाला वाटावं आपणच भाड्याने राहतो. "वहिनी, आपण तर समाजाचं भूषण ठरलात," ते म्हणाले. "रविवारी सत्कार. एक प्राध्यापिका ते स्टेशनवरचं प्रकरण वाचतील आणि नंतर हिंदीत सारांश सांगतील. पाहुणे हिंदी आहेत, आणि आपली तरुण मुलंही आताशा हिंदीतच बरी समजतात."

"दुसरं एखादं घ्या ना. सासूचं आहे, बरं आहे ते."

"हा विनय पुरे, वहिनी."

"विनय नाही हो—"

"चिवडा छान झालाय," कार्यवाह म्हणाले.

शुक्रवारी दुपारी मी ओसरीत आले तर जाळीवर पलीकडून चादर टाकलेली. धुतलेली नव्हती, पलंगावरची होती. भोकावरही तिचंच टोक खोचलेलं. मी हाक मारली. आतून फक्त भांड्यांचा आवाज आला.

संध्याकाळी हे कामावरून आले तेव्हा उलगडा झाला. सकाळी कामावर जाताना दीदीने ह्यांना थांबवलं होतं आणि तिच्या पुस्तकात पानं नाहीत म्हणून सांगितलं होतं. ह्यांनी गठ्ठ्यातलं दुसरं काढून दिलं.

"अहो, काहून दिलं तुम्ही?"

"मागितलं म्हणून दिलं. लेखिकेचा नवरा आहो ना मी, फाटकं पुस्तक वाचू देऊ काय शेजाऱ्यांना?"

त्यांना काही सांगता येईना. सांगितलं असतं तर ती गोष्ट आणखी एका माणसाला कळली असती. शनिवारभर मी त्या चादरीसमोरून ये-जा करत होते. एकदा धीर करून माझ्या बाजूने चादरीला बोट लावलं. पलीकडून ती खसकन आणखी ओढली गेली. म्हणजे ती तिथेच उभी होती. चारशे पानं लिहिणारी बाई मी, जाळीला नाक लावून उभी राहिले आणि तोंडातून "दीदी, दही हवंय का?" एवढंच निघालं. तिने ते घेतलं नाही हे सांगायला नकोच.

रविवारी मंडळाचं सभागृह भरलं. शाल झाली, श्रीफळ झालं, हार झाला, फोटोवाल्याने मला दोनदा हसायला लावलं. मी दरवाज्याकडे बघत होते. ती येऊ नये असं वाटत होतं, आणि आली नाही तर काय करू असंही वाटत होतं. प्राध्यापिका पुस्तक घेऊन माइकपाशी गेल्या तेवढ्यात ती आली. एकटीच. शेवटच्या रांगेत बायकांच्या बाजूला बसली, पदर डोक्यावर घेऊन, जशी ती परक्या ठिकाणी बसायची.

प्राध्यापिकांनी पहिलं वाक्य वाचलं. दुसरं वाचायच्या आत मी उठले आणि त्यांच्या हातून पुस्तक काढून घेतलं. हार अर्धा गळ्यात, अर्धा माइकच्या दांड्यात.

"हे प्रकरण वाचू नका," मी म्हणाले. "हे माझं नाही."

कार्यवाहांचा चेहरा पांढरा पडला. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "चोरलंय म्हणजे?" मला तेव्हा कुठे कळलं की मी काय बोलून बसले.

"म्हणजे लिहिलं मीच," मी घाईघाईने म्हणाले, "पण ते मला कोणीतरी विश्वासाने सांगितलं होतं. मी न विचारता छापलं. त्या व्यक्तीने हो म्हटल्याशिवाय ते मोठ्याने वाचलं जाणार नाही. सासूचं वाचते." आणि मी सासूचं प्रकरण वाचलं, वाईट वाचलं, दोन ओळी गाळल्या. मान वर केली तेव्हा शेवटच्या रांगेतली ती खुर्ची रिकामी होती. प्राध्यापिकांनी सारांश सांगितला तेव्हा लोक सासूवर हसले. मला एकाचंही हसू ऐकू आलं नाही.

पुढे बरेच दिवस अर्ध्या मराठी समाजाचं मत होतं की मी ती कादंबरी कुठल्याशा हिंदी पुस्तकावरून उचलली. एका सज्जनाने नागपूरला पत्रही टाकलं. त्याने माझी झोप वेगळीच उडाली, पण तो त्रास सोसण्यासारखा होता. चादर सोसण्यासारखी नव्हती.

ती जाळीवरून निघाली मंगळवारी. दुपारी ओसरीत आले तर पलीकडे पाटावर दीदी बसली होती, मांडीवर पुस्तक, पानापानावर पेन्सिलीच्या खुणा.

"बैठ," ती म्हणाली.

मी बसले.

"तेरी उस औरत को बच्चा रोता हुआ दिखता है."

"हओ."

"वहाँ कोई बच्चा नहीं था, मराठिन. एक कुत्ता था. वो भी सो रहा था."

मला हसू आलं. तिला नाही आलं, म्हणून माझंही थांबलं.

"गुस्सा बहुत आया," ती म्हणाली. "दो दिन तो यही सोचा कि इनसे कहकर क्वार्टर बदलवा लूँ. तूने कसम खाई थी. मेरी बात ली, और मुझे ही निकालकर अपनी मराठी बाई बिठा दी, चलो, ठीक है, नाम छिपा लिया. पर वो बच्चा? जैसे औरत को घर लौटाने के लिए दुनिया में और कुछ होता ही नहीं. मैं बच्चों के लिए नहीं लौटी थी."

"मग काहून परत आली?" मी मराठीतच विचारलं.

तिने पुस्तक मिटलं. "पहले बोल. किसी को कहेगी?"

"नाही."

"छापेगी?"

"नाही."

"मराठी में भी नहीं?"

"मराठीत पण नाही."

मग तिने सांगितलं. दोन मिनिटांत सांगितलं, मटारच्या शेंगा सोलता सोलता. त्यात रडणं नव्हतं, मूल नव्हतं, नवराही जवळजवळ नव्हता. मी शंभर वर्षं पेन चावत बसले असते तरी मला ते सुचलं नसतं. ते ऐकल्यावर माझं दीड पान इतकं पोकळ वाटलं की मी भोकातून हात घालून तिच्या शेंगांमधल्या अर्ध्या माझ्याकडे ओढल्या आणि सोलायला लागले. तिने ओढू दिल्या.

पुढे तिचे यजमान गेले, मुलं मोठी झाली, ती मुलाकडे भोपाळला राहायला गेली. तिथून एकदा तिने स्वतःच सांगितलं, "स्टेशन तक का लिखना हो तो लिख ले. आगे का नहीं." म्हणून हे लिहिते आहे. लिहून झाल्यावर परवा तिला फोनवर सगळं वाचून दाखवलं. तख्तावरच्या गाडीला ती इतकी हसली की तिला ठसका लागला आणि सुनेने फोन काढून घेतला. दहा मिनिटांनी तिचाच पुन्हा फोन आला.

"आगे का नहीं लिखा ना?"

"नाही."

"कहीं वही-कॉपी में लिखकर तो नहीं रखा?"

"नाही गं दीदी. शपथ."

फोन ठेवला आणि मला बसवेना. गुडघ्यांना न जुमानता मी स्टुलावर चढले आणि माळ्यावरची ट्रंक उघडली. त्या मंगळवारी, मटार फोडणीला टाकायच्याही आधी, मी ते एका पानावर उतरवून ठेवलं होतं. माझ्यासारख्या बाईने दुसरं काय केलं असतं? कागद पिवळा पडला होता, शाई मात्र ठणठणीत. मी तो वाचला नाही. बादलीत बुडवला, लगदा होईपर्यंत चुरला आणि तुळशीच्या मुळाशी दाबून टाकला. नात विचारत होती, "आजी, ये क्या कर रही हो?" म्हटलं, खत.

आता घरात त्याचा एकही शब्द लिहिलेला नाही. पाठ आहे मला तो सगळा, त्याला मी काय करू.